पिवळ्या लाकडाची पेटी

लांगस्प्रूट, रविवार, ३ फेब्रुवारी १९०१

वेसल, बाळा, कसा आहेस? छातीतली घरघर कमी झाली का? समुद्राची हवा तुला मानवते की नाही, मला काय कळणार, मी समुद्र पाहिलेला नाही. तुझ्याबरोबरच्या कोसीचा पाय बरा झाला का? त्याची आई सिबेलाकाकू दर खेपेला मलाच विचारते, जसा काही मी त्या बेटावर जाऊन आलोय. मास्तरांचे दात अजून दुखतात का? दुखत असतील तर लवंग मिळते का बघा. फेंटरकाकांना झोप लागते का? लागत असेल तर तुम्हां बाकीच्यांना लागत नसेल, त्यांचं घोरणं मला ठाऊक आहे. आणि आपला ब्लेस? घोड्याचं तुला विचारू नये, तो तर कुण्या खाकीवाल्या इंग्रजाच्या मांडीखाली गेला असणार. पण कपाळावरचा तो पांढरा पट्टा डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून विचारलं.

नदीकाठी आपली बोअर माणसं इंग्रजांना शरण गेली त्याला या महिनाअखेर वर्ष होईल. पकडलेल्यांना जहाजात घालून दूरच्या बेटावर नेलं म्हणतात. टपाल बंद आहे. म्हणून आज ही वही काढली. पत्र जात नाही तर नाही, लिहून तरी ठेवतो. परत आलास की ओट्यावर बसून एकदमच वाच. मी शाळेत गेलेलो नाही, बायबलवरून अक्षरं गिरवली, तेव्हा माझ्या लिहिण्याला हसू नकोस.

इकडची खुशाली. तुझी आई आलेता बरी आहे. गुडघा धरतो, जीभ धरत नाही. वहिनी लेनी बरी आहे. तुझा भाऊ रूलोफ अजून लढणाऱ्या तुकडीबरोबर माळावर आहे, घोडा थकलाय पण तो थकलेला नाही. त्यांची डिर्की आता वाक्यं बोलते आणि सगळी वाक्यं हुकमाची असतात.

पीच यंदा झाडाला मावत नव्हते. सुकवून माझ्या मरणाच्या पेटीत भरलेत. तुझी आई म्हणते, "तुम्ही मराल त्या दिवशी मला आधी पीच उपसायला लागतील." मी म्हटलं, "मग उन्हाळ्यात मरत नाही, कडाक्याच्या थंडीत मरतो. तोवर तुम्ही खाऊन संपवाल." ही पेटी मी स्वतः रंधा मारून केली, पिवळ्या लाकडाची, एकही गाठ नसलेली. बापानेही स्वतःची स्वतःच केली होती. आपल्यात म्हाताऱ्याने कुणाला फळ्या शोधायला लावू नये.

मका मी आणि आपला गडी मोलेफी, दोघांनी पेवात टाकला. गुरांच्या वाड्यात, खालच्या खांबापाशी, तुला माहीत आहे तसंच. वर दगडी फरशी, वर शेण. आता त्यावर गुरं उभी राहिली की खुद्द देवालाही सापडणार नाही.


१९ फेब्रुवारी

रूलोफ भर दुपारी आला, तासभर थांबला. दाढी छातीपर्यंत. डिर्की त्याला बघून माळ्यावर चढली आणि माझ्या पेटीत जाऊन लपली. तिची दुपारची झोपही तिथेच असते, पीचवर गोणपाट टाकून. बाप पेटीशी वाकून म्हणाला, "कोण मेलंय इथे?" आतून आवाज, "कुणी नाही. तुम्ही जा."

तो म्हणाला, खाकीवाले आता शेतंच जाळत येतात. बायकापोरं उचलून रुळाजवळच्या छावणीत नेतात, की आमच्या माणसांना भाकरी मिळू नये. त्यांच्या पुढे आपलीच माणसं वाट दाखवत चालतात. हात वर करून शरण गेलेली, मग शपथ घेऊन त्यांची चाकरी धरलेली.

तुझी आई म्हणाली, "अशांना आई नसतेच. दगडाखालून निघतात."

लेनीने त्याच्या खोगिरात टोस्ट भरले आणि तो गेला. डिर्की मग बाहेर येऊन विचारते, "ते काका परत कधी येणार?"


शनिवार, ९ मार्च

घर गेलं.

आजच लिहितो. हे गाडीत बसून लिहिलंय, वाकडं येईल.

सकाळी धूळ दिसली. त्यांचा अधिकारी कोवळा पोरगा, नाकाची साल निघालेली, टोपी काढून बोलला. दुभाष्या म्हणाला, गाडीत मावेल तेवढं घ्या. तुझ्या आईने बायबल घेतलं, मग कोंबडी घेतली, मग कोंबडी सोडून दिली. लेनी भाकरी भट्टीतून काढत होती. घर जळणार हे कळूनही ती भाकरी भाजली का हे टिचकी मारून बघत होती.

आणि मग ते वाड्यात गेले. इकडे तिकडे नाही, सरळ खालच्या खांबापाशी. शेण खरवडलं, पहार घातली, फरशी उचलली. मका वर काढून घोड्यांना टाकला, उरल्यावर तेल ओतलं. वेसल, ते चाचपडलेसुद्धा नाहीत.

तुझी आई मोलेफीच्या अंगावर धावून गेली. "तूच सांगितलंस! आमच्या चुलीवर पोसलास आणि तूच!"

मोलेफी तिच्याकडे बघत नव्हता. ओढ्यापलीकडच्या विलोच्या झाडांकडे बघत होता. तिथे त्यांचा एक स्वार थांबला होता, टोपी डोळ्यांवर ओढून, इकडे आलाच नाही. त्याचा घोडा खिंकाळला. मोलेफीने मान वळवून मला विचारलं, "मालक, तुम्हीही असंच म्हणता?"

मी काही बोललो नाही. काय बोलणार? पेव ठाऊक असणारे आपण घरचे आणि तो. घरच्यांतला रूलोफ माळावर, तू समुद्रापार. मी आणि मोलेफी एकाच वर्षी मेंढरं राखायला लागलो, एकाच डबक्यात पोहायला शिकलो. असं कसं केलंस, एवढंच मनात आलं. त्याला आणि त्याच्या माणसांना वेगळ्या गाडीत घालून नेलं. त्यांची, काळ्या लोकांची, छावणी निराळी असते म्हणे.

एक गोष्ट मात्र देवाची. पेंढ्या पेटवायच्या आधी दुभाष्या ओरडला, "माळ्यावरची म्हाताऱ्याची पेटी आधी खाली काढा, साहेबांचा हुकूम आहे." मी पेटीबद्दल अवाक्षर बोललो नव्हतो. चार शिपायांनी ती दोरांनी खाली घेतली, कोपरासुद्धा लागू दिला नाही. इतक्या परक्या माणसाला आपल्या म्हाताऱ्यांची रीत कशी कळली? शत्रूच्या काळजातही देव कुठेतरी एक खिडकी ठेवतो.

तो दूरचा घोडा हुबेहूब ब्लेससारखा होता. पट्टासुद्धा. शरणागतीत त्यांच्या हाती लागलाय तर. पोटभर खातोय असं दिसलं, तेवढंच तुला कळवतो.


छावणी, १८ मार्च

गोल तंबू, मधे एक खांब, खाली ओली जमीन. एवढ्याशा जागेत तुझी आई, लेनी, डिर्की, मी आणि पेटी. शेजारच्या तंबूत सिबेलाकाकू, तिची सून आणि नातू यानी. त्यांचं शेत आपल्यानंतर चार दिवसांनी जाळलं. काकू मला बघून थांबली, काहीतरी बोलणार होती, मग म्हणाली, "ओकर्टभाऊ, पाण्याची रांग तिकडे आहे."

ज्यांचा माणूस अजून लढतोय त्यांना मांस नाही, नुसतं पीठ, मीठ आणि भाजलेल्या धान्याची ती काळी कॉफी. रूलोफमुळे आपणही त्यातच. लेनी म्हणते, "बरं आहे, निदान ताठ मानेने उपाशी." तुझी आई पिठात बोटं घालून अळ्या वेचते. म्हणते, "मांस नाही म्हणतात ते खोटं आहे."


११ एप्रिल

आज एक चांगली बातमी. रसदीच्या खिडकीवर कारकुनाने आमचं नाव वाचलं, कागद उलटसुलट केला आणि मांस दिलं. वर डब्यातलं दूध, डिर्कीसाठी. मी म्हटलं, साहेब, काही चुकतंय, माझा मुलगा तुकडीत आहे. तो म्हणाला, "चुकत नाही म्हातारबुवा, घ्या आणि चला."

प्रामाणिकपणे सांगतो, दुसऱ्यांदा विचारलं नाही. पेटी वाचवणाऱ्या त्या कोवळ्या साहेबानेच मागे शब्द टाकला असणार.

अर्धा डबा सिबेलाकाकूला नेऊन दिला, यानीला बरं नाही म्हणून. ती हात मागे घेऊन उभी राहिली. "नको."

"अगं, पोरासाठी."

"ते दूध आमच्याकडे नको, ओकर्टभाऊ."

सून आतून बघत होती. माणूस त्रासात असला की असा वागतो. मी डबा त्यांच्या तंबूच्या तोंडाशी ठेवून आलो. संध्याकाळी तो आमच्या तंबूच्या तोंडाशी होता, जसाच्या तसा.


२३ एप्रिल

यानी गेला. गोवर. साऱ्या छावणीत गोवर आहे.

फळ्या मिळत नाहीत. साबणाच्या खोक्यातून पेट्या करतात, तीही संपली. पोरांना चादरीत गुंडाळून पुरतात. सिबेलाकाकू माझ्याकडे आली नाही, मीच पेटीतले उरलेले पीच पिशवीत काढले आणि करवत घेतली. तुझी आई म्हणाली, "तुमचं काय?" मी म्हटलं, "माझी उंची आता कमी होतेय, काहीतरी भागेल."

यानीची पेटी केली. तळाच्या फळीतून. माझं सुतारकाम चांगलं होतं हे मला तेव्हा पहिल्यांदा आवडलं नाही. काकूने ती हाताने चाचपून पाहिली आणि म्हणाली, "गाठ नाही एकही." मग रडली. पेटी घेतली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर रोज कुणीतरी येतं. पेटी खालून खालून संपत चाललीय.


१३ मे

डिर्कीला ताप. डोळे उघडत नाही, उजेड सोसत नाही. तोंड आलंय, भाकरी गिळत नाही. दूध मात्र चमच्याने घेते. लेनी दिवसभर चमचा घेऊन बसते. डॉक्टर म्हणाला, जे पोटात राहतंय ते देत राहा, बाकी माझ्याकडे काही नाही.

दूध देणाऱ्याचे हात देव सांभाळो.


१६ मे

आज रांगेत झालं. मी खिडकीवरून डबे घेऊन वळलो. मागून कुणी बाई म्हणाली, "ह्यांचं बरं आहे." मी म्हटलं, "अगं बाई, आमचा रूलोफ तुझ्या नवऱ्याबरोबरच चिखलात झोपतोय. ही त्या साहेबाची कृपा."

तेव्हा सिबेलाकाकू रांगेतून बाहेर आली. "कोणता साहेब, ओकर्टभाऊ? किती दिवस असं बोलणार आहात? मी गप्प राहिले, तुम्ही माझ्या यानीला तुमच्या फळ्या दिल्यात म्हणून गप्प राहिले. पण हे ऐकवत नाही. माझ्या घराला आग लावायला आले तेव्हा त्यांच्या पुढे तुमचा वेसल होता. खाकीत. ब्लेसवर बसून. मला 'काकू' म्हणाला. म्हणाला, काकू, पाऊस येईल, गोधड्या वरती ठेवा."

मी म्हटलं, तो बेटावर आहे.

"माझा कोसी बेटावर आहे. तुमचा कधी जहाजावर चढलाच नाही."

रांगेत कुणाला नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं. मी तंबूकडे आलो. डबे हातातच होते.


१७ मे

खालचा खांब. विलोची झाडं. माळ्यावरची पेटी. खिडकीवरचं दूध. सगळं बसतं आता. पेव खणलं तेव्हा तो होता, सगळ्यात जास्त त्यानेच खणलं होतं.

आलेताला मीच सांगितलं. तिने धुतलेले कपडे पुन्हा धुवायला घेतले.

लेनीने सगळे डबे उचलले आणि खिडकीवर नेऊन ठेवले. परत आली तेव्हा डिर्की ओठ हलवत होती.

मी म्हटलं, "लेनी, पोर मागतेय."

"पाणी द्या."

"पाण्यावर ती जगणार नाही."

"बाबा, तिचा बाप तिथे गवताच्या मुळ्या उकडून खातोय. तो कधीतरी येईल आणि विचारेल, पोर कशावर जगवलीस. काय सांगू? ज्याने तुमचं घर दाखवलं त्याच्या दुधावर? मला नाही सांगता येणार."

"ती मेली तर ते सांगता येईल?"

लेनीने झग्याचा घोळ ओढून तोंडावर घेतला. आलेता अजून पाठमोरी, कपडे पिळत होती.

मी म्हटलं, "हे बघ, पोरीला ठाऊक नाही दूध कुणाचं ते."

"मला ठाऊक आहे ना."

"मग तू जरा बाहेर जाऊन बस. तू पाजलं नाहीस. रूलोफने विचारलं तर सांग, म्हाताऱ्याने पाजलं, मी नको म्हणत होते. शिव्या मी खातो."

खिडकीवर गेलो. सगळी रांग बघत असताना डबे परत मागून घेतले. एवढं जड काही मी आयुष्यात उचललेलं नाही. चमचा चमचा पाजलं. लेनी तंबूबाहेर चिखलात बसून होती, आत आली नाही. पण दर थोड्या वेळाने बाहेरून विचारायची, "राहिलं का पोटात?"


२९ मे

ताप उतरला. डिर्कीने आज डोळे उघडून पहिला हुकूम सोडला, "आजोबा, पेटी कुठाय? मला झोपायचंय."

पेटीचं नुसतं झाकण उरलंय. ते मी कुणाला दिलं नव्हतं. का, सांगता येत नाही.

प्रार्थनेला आमच्या बाकावर कुणी बसत नाही. मी त्याचं नाव घेत नाही, आलेता घेत नाही.


८ जून

पास काढून रुळापलीकडच्या त्या छावणीत गेलो. तंबूसुद्धा नाहीत तिथे, गोणपाट आणि पत्र्याचे तुकडे, आणि जूनमधली ऐन हिवाळ्याची थंडी हाडात शिरणारी. मोलेफी सापडला. हडकलाय. लष्करासाठी शेत नांगरतात, बदल्यात मका.

तो उठला नाही. मीही बस म्हटल्यासारखा बसलो.

मी म्हटलं, "तुला त्या दिवशी दिसलं होतं."

"घोड्याने मला ओळखलं. शिंगरू असताना त्याला मीच बाटलीने पाजलंय."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? मीच विचारलं तुम्हाला. तुम्ही गप्प बसलात." मग काडीने जमीन उकरत म्हणाला, "आणि बोललो असतो तर? तुमच्या पोराचं नाव मी घेतलं असतं, तर बाईसाहेबांनी मला तिथेच पहारीने मारलं असतं. तुम्हीही धरलं नसतं त्यांना."

मी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मी म्हटलं, "मोलेफी, माझं चुकलं."

"हं."

"काय करू सांग."

"लोक म्हणतात तुम्ही पेट्या करता. तिकडच्या पोरांना." त्याने मागे बोट केलं. गोणपाटाखाली काहीतरी लहानसं गुंडाळलेलं होतं. त्याची नात, त्याच्या थाबोची मुलगी. मला ती आठवली, आपल्या ओट्यावर डिर्कीबरोबर चिखलाच्या भाकऱ्या करायची. तिचं नाव मला आठवेना. इतकी वर्षं माझ्या ओट्यावर, आणि नाव आठवेना.

मोलेफी म्हणाला, "माफी नको मालक. फळी आहे का?"

परत जाऊन झाकण घेऊन आलो. पहारेकरी विचारायला लागला कुठे नेतोस, काय सांगितलं ते आठवत नाही. तिथेच बसून कापलं. मोलेफीने फळी धरली, मी करवत चालवली, जशी आम्ही नेहमी चालवायचो. निघताना मी तिचं नाव विचारलं. दिनेओ. लिहून ठेवतो.

आता माझी पेटी संपली.


२३ जून. रविवार

चष्मा हरवलाय, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितो. ओळी एकमेकींवर चढल्या तर चढू देत.

आज प्रार्थनेनंतर चर्चच्या मंडळीचे पंच आमच्या तंबूत आले. बरोबर सिबेलाकाकू आणि दोघी तिघी. पंच म्हणाले, "ओकर्टभाऊ, ज्यांच्या ज्यांच्या घरात असा निघाला त्यांनी बायबलातून नाव खोडलंय. तुम्ही खोडलंत की तुमचा बाक पुन्हा तुमचा."

घरच्या बायबलात पहिल्या पानावर सगळी नावं आहेत. माझ्या आजोबांपासून. जन्म, बाप्तिस्मा, मरण. लिहिणारा हात घरच्या कर्त्याचाच, आणि खोडणाराही.

मी आलेताकडे पाहिलं. ती दगडासारखी होती. म्हणाली, "खोडा. आजच. सगळ्यांदेखत." स्वतः बायबल काढून माझ्या मांडीवर ठेवलं, टाक दौतीत बुडवून हातात दिला. ज्या बाईने त्याच्या घरघरीसाठी रात्र रात्र छाती शेकली तिला एवढं कठोर होता येतं, मला नाही येत. तिच्याइतका मी कधीच खंबीर नव्हतो.

खिशात हात घातला तर चष्मा नाही. सकाळी होता. सगळ्यांनी शोधलं. अंथरुणं झटकली, पिठाची पिशवी बघितली, लेनीने तर चूल उकरली. आलेता सगळ्यांत जास्त चिडली. "डोक्याला बांधून ठेवा म्हणून किती वेळा सांगितलं! ह्या माणसाचा एक दिवस जीव हरवेल."

पंच म्हणाले, "मी खोडू का? कोणती ओळ ते सांगा."

आलेता म्हणाली, "घरच्या बायबलात परका हात चालत नाही. आणि ह्यांना तसं दिसत नाही, चुकून रूलोफच्या नावावर रेघ ओढतील. तो अजून जिवंत आहे. चष्मा सापडला की खोडतील."

सिबेलाकाकू जाताना तंबूच्या तोंडाशी थांबली. आलेताकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "शोध हो नीट, आलेता. घाई करू नकोस."


३० जून. रविवार

चष्मा सापडला. पीचच्या पिशवीत, अगदी तळाशी, आलेताच्या काळ्या किनारीच्या रुमालात गुंडाळलेला. तो रुमाल ती प्रार्थनेखेरीज काढत नाही, कुणाला हात लावू देत नाही. डिर्कीनेच खेळता खेळता नेऊन घातला असणार. ती अजून अंथरुणातून उठत नाही, पण पोरं कुठून कुठे पोचतात सांगता येत नाही. मी चष्मा काढून घेतला, रुमाल होता तसा घडी करून परत ठेवला, उगाच पोरीला बोलणी नकोत.

मग पहिलं पान उघडून वाचलं. तुझं नाव माझ्याच हातचं आहे. तेव्हा अक्षर बरं होतं माझं. वाचलं आणि मिटलं.

वेसल, वहीतलं हे पान मी फाडून देणार आहे. कारकुनाला विचारलं, तो म्हणाला, वाटाड्यांकडे चिठ्ठी जाते, दे. म्हणून पुन्हा तुझ्याशी बोलतोय.

तू का केलंस ते मला माहीत नाही. लढाई लवकर संपावी म्हणून केलंस, की भीतीने, की त्यांनी सांगितलं तुझ्या आईबापाला सांभाळू म्हणून? दूध तू पाठवत होतास हे मला कळलं. पेटी काढायला लावलीस हेही. त्या पेटीच्या फळ्यांत छावणीतली किती पोरं झोपली, त्यातला यानी तुझ्या कोसीचा मुलगा. शेवटचं झाकण मोलेफीच्या दिनेओला गेलं. आणि मोलेफीवर तुझा आळ आम्ही घातला, तू झाडाखाली उभं राहून ते ऐकलंस. इतक्या दुरून ऐकू गेलं नसेल तर आता वाच.

तू दारात आलास तर मी आत घेईन की नाही, खरंच सांगता येत नाही. लेनी घेणार नाही. रूलोफ आला तर बंदुकीनेच विचारेल. मला एवढंच कळतं, की घरघर कमी झाली का हे विचारायचं माझ्याच्याने अजून थांबत नाही.

डिर्की जगली. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं.

तुझी आई रोज सकाळी विचारते, "सापडला का?" मी म्हणतो, "नाही." ती म्हणते, "मग राहू दे," आणि कॉफी ओतते. आज ती विचारायच्या आधीच माझा हात खिशावर गेला. पंच पुढच्या रविवारी येणार आहेत. चष्मा फार दिवस हरवून ठेवता येत नाही, बाळा.

लवकर लिही.

तुझा बाप,
ओकर्ट